वाचक विचारतात : मदतीला गेलेली मुलं नेमकं काय शिकतात?

शाळा-कॉलेजातली मुलं गरजू कुटुंबांना मदत करायला जातात, तेव्हा त्या कुटुंबांना काय मिळालं याची चौकशी होते. मुलांच्या हाती काय लागलं, हे फारसं कुणी विचारत नाही. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख मात्र तिकडेच आहे. पत्रं शिक्षकांची आहेत, पालकांची आहेत आणि स्वतः मुलांचीही. त्यांतल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : आमच्या शाळेची चाळीस मुलं वर्षभर वस्तीतल्या कुटुंबांकडे जातात. वर्षअखेर आम्ही निबंध लिहून घेतो. चाळीसच्या चाळीस निबंधांत "मला खूप समाधान मिळालं" आणि "आपण किती सुखी आहोत हे कळलं" ही दोन वाक्यं असतातच. यापलीकडे मुलं काही शिकतात का?
(एक शिक्षिका)

शिकतात, पण ते त्या निबंधात उतरत नाही. वर्षाच्या शेवटी निबंध मागितला की बाईंना काय आवडेल याचा अंदाज घेऊन मुलं लिहितात. शिवाय अनुभव आला म्हणजे शिक्षण झालंच, असं नसतं. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच हे बजावलं होतं की काही अनुभव पुढचं शिकणं अडवूनही ठेवतात. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : अनुभव घेणं, त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून काही अंदाज बांधणं आणि तो अंदाज पुढच्या वेळी करून पाहणं. तुमच्या उपक्रमात पहिली पायरी पक्की आहे. दुसरी वर्षातून एकदाच येते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून निबंधाऐवजी वही ठेवा. भेट झाली त्याच दिवशी, रात्री झोपण्यापूर्वी १५ मिनिटं. पानाचे तीन भाग करायचे. पहिल्यात फक्त जे दिसलं आणि कानांनी ऐकलं ते. दुसऱ्यात आपल्याला काय वाटलं ते. तिसऱ्यात पुढच्या वेळी काय विचारणार किंवा काय वेगळं करणार ते. सगळी गंमत पहिल्या आणि दुसऱ्या भागातली सरमिसळ सोडवण्यात आहे.

समजा, एका मुलाने पहिल्या भागात लिहिलं : "घरात अभ्यासाचं वातावरण नाही." वही परत द्या आणि विचारा, "हे दिसलं कसं? डोळ्यांना काय दिसलं?" मग साधारण असं लिहून येतं : "एकच खोली. टेबल एकच, त्यावर शिवणयंत्र. मुलगी उंबऱ्यावर बसून मांडीवरच्या वहीत लिहीत होती, कारण उजेड तिथेच येत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट द्यायला तीनदा उठली." आता हेच वाचून 'अभ्यासाचं वातावरण नाही' असं म्हणता येत नाही. ती मुलगी उजेडाच्या मागे जाऊन अभ्यास करते आहे. तिसऱ्या भागातला प्रश्नही आपोआप बदलतो : 'हिला अभ्यासाचं महत्त्व कसं पटवू?' याच्या जागी 'दारातून न उठता बसता येईल अशी जागा कुठे आहे? मांडीवर ठेवायला एक फळी मिळाली तर?' असं येतं. शिकणं झालं ते इथे, या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत.

दर पंधरा दिवसांनी सहा ते आठ मुलांचा गट ४० मिनिटं बसवा. एकाने आपल्या वहीतलं एक पान वाचायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मोठ्यांनी कमीत कमी बोलायचं. सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असावा : "गेल्या वेळचा कोणता अंदाज चुकीचा निघाला?" चाळीस मुलांना एक शिक्षिका पुरणार नाही, गेल्या वर्षी काम केलेल्या मुलांकडे एकेक गट द्या. वहीत कुटुंबाचं नाव येता कामा नये, खुणेसाठी क्रमांक पुरे. गटातही नाव घ्यायचं नाही.

आणि कृपा करून भावनांना गुण देऊ नका. मन हेलावलं असं लिहिल्यावर गुण मिळतात हे कळलं की सगळ्यांची मनं हेलावतात. गुण द्यायचेच असतील तर निरीक्षण किती नेमकं आहे, स्वतःचा कोणता समज मुलाने दुरुस्त केला आणि ठरल्या वेळी तो किती वेळा हजर होता, यांना द्या.

प्रश्न : मुलं परत आल्यावर म्हणतात, "यांना नियोजनच करता येत नाही. हातात पैसा नाही, पण मोबाइल आहे. सामान एकदम भरत नाहीत, रोज थोडं-थोडं आणतात." मदतीला पाठवून उलट मुलांचे पूर्वग्रह पक्के झाले का?
(कॉलेजातल्या उपक्रमाचे समन्वयक)

होतात, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतात. थोड्या वेळात पुष्कळ पाहिलं आणि त्याचा अर्थ लावायला कुणी सोबत बसलं नाही, की मन नवी माहिती जुन्याच खणात टाकतं. यावर भाषण देऊ नका. आकडेमोड करायला लावा.

एक काल्पनिक कुटुंब घ्या. दिवसाची मजुरी १० एकक धरा. चार आठवड्यांत काम मिळालं ६, ५, २ आणि ६ दिवस, म्हणजे १९ दिवसांचे १९० एकक. खर्च : भाडं ५०, खाणं रोज ४ प्रमाणे २८ दिवसांचे ११२, वीज-पाणी-प्रवास मिळून १८. बेरीज १८०. शिल्लक १०. इथपर्यंत मुलं म्हणतात, "जमतंय की!" आता दुसऱ्या आठवड्यात घरातलं लहान मूल तापाने आजारी पडलं असं धरा. तीन दिवस काम बुडालं, ३० गेले. औषधाला २५. दहाच्या शिलकीच्या जागी ४५ ची तूट. दरमहा दहाच उरत असतील, तर हे उसने बिनव्याजी मिळाले तरी फेडायला साडेचार महिने लागतात, तेही मधे दुसरं काही घडलं नाही तर. व्याज लागलं तर पुढचं गणित मुलांनीच करावं.

मग मुलांनी घेतलेले आक्षेप एकेक करून याच तक्त्यात घाला. महिन्याचं सामान एकदम भरलं तर ११२ ऐवजी १०० त पडेल असं समजा. पण त्यासाठी भाड्यासह १५० एकक पहिल्याच दिवशी हातात हवेत, आणि पहिल्या आठवड्याची अख्खी कमाई आहे ६०. स्वस्तात घ्यायलाही आधी पैसा लागतो, ही गोष्ट सांगून पटत नाही. तक्ता भरताना पेन अडतं तेव्हा पटते. मोबाइलचं तसंच. उद्या कामावर या, हा निरोप फोनवर येत असेल, तर फोन नसल्यामुळे बुडालेला एक दिवस म्हणजे १० एकक. तो फोन फावड्या-कुदळीच्या रांगेतला आहे. शेवटी विचारा, "तुम्ही कशात काटकसर कराल?" बहुतेक मुलं खाण्याला हात घालतात. त्यांनाच पुढचे दोन आठवडे भरू द्या.

यानंतरची पायरी घराबाहेर पाहण्याची. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र सुरू केलं, तेव्हा शेजाऱ्यांसाठी साहित्यवाचन वगैरे ठेवलं होतं. शेजारच्या आयांना गरज होती ती कामाच्या वेळेत मुलं ठेवायच्या जागेची. मग बालवर्ग आला, पाळणाघर आलं. वस्तीतली अस्वच्छता ही तिथल्या लोकांच्या सवयींची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. ॲडम्स यांनी कचरा उचलला का जात नाही याचा पाठपुरावा केला आणि १८९५ मध्ये त्या विभागाच्या कचरा निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. लंडनच्या टॉइनबी हॉलचंही असंच. १८८४ पासून ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तिथे ईस्ट एंडच्या गरीब वस्तीत राहायला येत. १९०३ मध्ये तिथे कामाला आलेल्या विल्यम बेव्हरिज यांनी पुढे बेकारीचा अभ्यास केला आणि ब्रिटनच्या सामाजिक विम्याचा पाया ठरलेला १९४२ चा अहवाल त्यांच्या हातून लिहिला गेला. तुमच्या मुलांनी अहवाल लिहावेत असं नाही. 'ही माणसं अशी का' या प्रश्नावरून 'इथे कचऱ्याची गाडी का येत नाही' या प्रश्नावर ती आली, तर पूर्वग्रहाची गाठ सुटायला लागली असं समजा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आठवड्यातून दोनदा चौथीतल्या एका मुलाला शिकवायला जाते. चौथीचं पुस्तक उघडलं की तो गप्प बसतो. प्रश्न विचारला तर खाली बघतो. तीन आठवडे झाले. माझंच काही चुकतंय का?
(एक विद्यार्थिनी)

तुझा प्रश्नच सांगतो की तू नीट बघते आहेस. चुकतंय ते एवढंच की चौथीतलं मूल चौथीचं वाचतं, असं तू धरून चाललीस. आधी तो कुठे आहे ते शोध. पाच मिनिटांचं काम आहे. चार कागद कर : एकावर दहा सुटी अक्षरं, दुसऱ्यावर दहा साधे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा सोपा परिच्छेद, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात कर. जमला तर गोष्ट दे, अडखळला तर शब्दांवर ये, तिथेही अडला तर अक्षरांवर. याला परीक्षा म्हणू नकोस, चुका त्याच्यासमोर मोजू नकोस.

चुकांची जात ओळखायला शिक. 'पाणी' हे 'पणी' असं वाचलं तर अक्षर येतंय, काना सुटतोय. म्हणजे स्वरचिन्हांवर काम हवं. 'चष्मा'पाशी गाडी थांबली तर जोडाक्षरं कच्ची आहेत. पहिलं अक्षर पाहून शब्द ठोकून देत असेल, 'कपाट'ला 'कपडा' म्हणत असेल, तर तो अंदाजाने वाचतोय. अशा वेळी चित्रं झाकून ठेवलेली बरी. वाचायला देताना एक मोजमाप लक्षात ठेव : शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त चुका झाल्या तर तो मजकूर त्याला फार जड आहे. पाचच्या आत असतील तर तुझ्या मदतीने शिकायला तोच योग्य.

पाऊण तास असा वाटून घे : ५ मिनिटं गप्पा, १० मिनिटं तू शब्दांखाली बोट फिरवत वाचायचं, १५ मिनिटं त्याने वाचायचं, १० मिनिटं त्याने सांगितलेलं एखादं वाक्य लिहायचं आणि शेवटची ५ मिनिटं त्याला हमखास येणारं काहीतरी. शेवट जमलेल्या गोष्टीवर झाला की पोरं पुढच्या वेळी दारात वाट बघत उभी असतात.

खाली बघण्याबद्दल. प्रश्न विचारल्यावर तू किती वेळ थांबतेस? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणं कमी झालं. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. समोर गप्प मूल असताना फार लांब असतात. मनातल्या मनात पाच आकडे मोज. हे एकदा जमलं की घरी, मित्रमैत्रिणींत, पुढे नोकरीतही तू इतरांपेक्षा चांगली ऐकणारी होशील, आणि हे कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

आणखी एक बघून घे : पुस्तक तो डोळ्यांच्या फार जवळ धरतो का, एक कान पुढे करतो का, भूक किंवा झोप अनावर असते का. यातलं काही दिसलं तर स्वतः निदान करू नकोस, त्याच्या घरच्यांना घाबरवू नकोस. तुमच्या समन्वयकांना सांग. डोळ्यांची तपासणी न झालेल्या मुलाला महिनोन्महिने 'लक्ष देत नाही' म्हटलं जातं.

प्रश्न : आम्ही वीस जणांनी कपडे गोळा करून वाटले. निम्मे तसेच उरले, शेवटी नुसता ढीग झाला. काही बायका फोटोला उभ्या राहायला तयार नव्हत्या, त्यावरून आमच्यातल्या काहींना राग आला. कुठे चुकलं?
(कॉलेजचा विद्यार्थी)

क्रम उलटा झाला. आधी गोळा केलं, मग वाटलं, विचारलं कधीच नाही. पुढच्या वेळी वाटपाच्या दोन आठवडे आधी घरोघर चार गोष्टी विचारा : घरात कोण किती वयाचं, कशाची निकड आहे, काय नको, आणि कोणती वेळ सोयीची. कपड्यांऐवजी पांघरूण, बादली किंवा शाळेचं दप्तर पुढे आलं, तर गोळा करायच्या यादीत तेच लिहा.

निवड दिवसाच्या उजेडात करा. दिव्याखाली डाग लपतात. प्रत्येक कपड्याची कॉलर, काखा, कोपर, गुडघे आणि साखळी (चेन) बघायची. साखळी प्रत्यक्ष ओढून बघायची. निकष एकच : हा मी उद्या कॉलेजात घालीन का? नसेल तर पुसणी-फडक्यांत. आतले कपडे नवेच द्यायचे. बुटांच्या जोड्या नाडीने बांधून ठेवा, नाहीतर तासाभरात डावा एकीकडे आणि उजवा दुसरीकडे. लहान मुलांच्या कपड्यांवर वयाऐवजी उंचीची चिठ्ठी लावा; एकाच वयाची दोन मुलं वेगवेगळ्या मापांची असतात.

मांडणी दुकानासारखी करा. घडी घालून, मापाप्रमाणे, टेबलांवर; जमिनीवर नाही. लोकांनी हाताळून, मागे ठेवून, दुसरं घ्यावं. प्रत्येक टेबलाला दोघं फक्त पुन्हा घड्या घालायला हवेत. तुमचा ढीग झाला तो बहुधा ही माणसं नसल्यामुळे. एका वेळी चार-पाच कुटुंबांनाच वेळ दिली तर रांग लागत नाही, आणि रांग नसली की गर्दीसमोर हात पसरल्यासारखं कुणाला वाटत नाही.

फोटोचं उत्तर तुमच्या रागातच आहे. दिलेल्या वस्तूच्या बदल्यात आपल्याला काहीतरी हवं होतं आणि ते मिळालं नाही, म्हणून राग आला. या वर्षीचा हा सगळ्यात मोलाचा धडा आहे, त्यावर गटात जरूर बोला. फोटो हवाच असेल तर टेबलांचा काढा, घड्या घालणाऱ्या हातांचा काढा.

प्रश्न : अशा मदतीने माणसांचा अपमानच होतो, असं हल्ली पुष्कळ ठिकाणी वाचते. मग जाऊच नये का?
(एक विद्यार्थिनी)

ही टीका जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत उन्हाळी सेवाकार्यासाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. जिथली भाषा येत नाही, माणसं ठाऊक नाहीत, तिथे जाऊन तुम्ही कुणाचं भलं करणार, हा त्यांचा सवाल होता.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७९ मध्ये, रॉबर्ट सिग्मन यांनी सेवेतून शिकण्याची तीन तत्त्वं मांडली. मदत कोणती हवी हे मदत घेणाऱ्यांच्या हाती असावं. त्या मदतीने त्यांचं स्वतःचं बळ वाढावं. आणि मदत करणाऱ्यांनी स्वतःला शिकणारे समजावं. इलिच यांच्या टीकेला यातून बरंचसं उत्तर मिळतं. तुम्ही जिथे जाता तिथे एक साधी चाचणी लावा : कुटुंबाने "हे नको, ते हवं" असं शेवटचं कधी म्हटलं आणि त्यावर काय केलं गेलं? "कधीच म्हटलं नाही" असं उत्तर आलं तर तिथे लोकांना नाही म्हणायची सोय नाही. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी आयोजकांशी बोला. जिथे ती सोय आहे, तिथे बेलाशक जा.

प्रश्न : आमचा गट कुटुंबांना सरकारी अर्ज भरून देतो. माझ्याकडून एका आजींच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा पडला. अर्ज परत आला, त्यांना पुन्हा खेपा घालाव्या लागल्या. मला तोंड दाखवायची लाज वाटते.
(एक विद्यार्थी)

आधी जाऊन भेट. चूक कळली त्याच दिवशी, इतर कुणी सांगण्यापूर्वी, तूच सांगायला हवं : काय चुकलं, ते कशामुळे, दुरुस्तीसाठी काय करावं लागेल आणि त्यातलं तू काय करणार आहेस. "सॉरी" म्हणून थांबू नकोस. पुढची खेप तू सोबत जाऊन घाल. आजी रागावल्या तर ऐकून घे, तो त्यांचा हक्क आहे. शाळेच्या पेपरात एक आकडा चुकला तर एक गुण जातो. इथे एका आकड्यामुळे दुसऱ्या माणसाचा दिवस जातो. हा फरक ज्याला एकदा कळला, त्याचं अक्षर आणि आकडे पुढे आयुष्यभर नीट राहतात.

आता पद्धत. मूळ अर्जाला हात लावण्यापूर्वी त्याच्या छायाप्रतीवर पेन्सिलीने भरायचं. भरणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने मूळ कागदपत्रावरून मोठ्याने वाचायचं आणि भरणाऱ्याने अर्जावर बोट ठेवून जुळवायचं. भरलेला अर्जच पुन्हा वाचला तर डोळे चूक तशीच गिळतात. लांब क्रमांक चार-चार आकड्यांचे तुकडे करून वाचायचे. तारखेत आधी दिवस की महिना, हे अर्जावरच्या छापील चौकटीत बघायचं आणि महिना अक्षरी लिहायची मुभा असेल तर अक्षरीच लिहायचा. दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग किंवा क्रम वेगळा असेल तर अर्ज तिथेच थांबवायचा आणि समन्वयकांना विचारायचं. आपल्या मनाने 'बरोबर' करायचं नाही. बहुतेक अर्ज यातच अडकतात.

मूळ कागद कुटुंबाच्या हातातच राहावेत. पासवर्ड, फोनवर आलेला गुप्त क्रमांक हे त्यांनीच टाकायचं, तू मान वळवायचीस. पावती क्रमांक त्यांच्या वहीत लिहायचा, तुझ्या फोनमध्ये नाही. खिडकीवर बोलणं त्यांनी करायचं, तू एक पाऊल मागे उभा राहा. पुढच्या वेळी तू नसशील तेव्हा त्यांना ते जमलं पाहिजे. आणि "होईल काम" असं म्हणू नकोस. "अर्ज दिलाय, पावती मिळाली, अमुक दिवसांनी विचारा असं सांगितलंय" एवढंच म्हण. तेवढंच तुझ्या हातात आहे.

प्रश्न : मुलगी भेटीहून आली की रडते. साठवलेले सगळे पैसे त्या घराला देऊन टाकते म्हणते. तिला पाठवणं थांबवू का?
(एक आई)

लगेच थांबवू नका. रडू येणं स्वाभाविक आहे. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप, जेवण, अभ्यास बिघडलेला राहिला तर मात्र थोडी विश्रांती द्या आणि समन्वयकांच्या कानावर घाला.

पैसे तिने स्वतःच्या हाताने देऊ नयेत, आणि याचं कारण तिला समजेल असं सांगा. एकदा रोख दिली की तिची तिथली जागा बदलते. शिकवायला येणारी ताई पैसे देणारी ताई होते; पुढच्या अडचणीत कुटुंबाला मागावंसं वाटतं आणि मागायची लाजही वाटते; शेजारच्या घराला प्रश्न पडतो की आम्हाला का नाही. द्यायचेच तर संस्थेकडे, नाव न सांगता. त्याहून बरं म्हणजे, त्या घराची नेमकी अडचण कोणती आणि तिच्यावर उपाय करणारं कोण आहे, हे तिला शोधू द्या.

तुमच्याकडून एक गोष्ट टाळा. "बघ, तुला किती मिळालंय!" असं म्हणू नका. तिने एक माणूस पाहून यावं आणि आपण त्यातून तिच्या सुखाचा हिशेब काढावा, यात ते माणूस निसटतं. "आज तिथे कोण काय म्हणालं?" असं विचारा आणि ऐका.

प्रश्न : किती तास काम केलं म्हणजे पुरे?
(एक विद्यार्थी)

तासांपेक्षा सलगपणा बघा. एका दिवसात बारा तास आणि बारा आठवडे दर आठवड्याला एक तास यांत दुसरंच निवडा. पहिल्या तीन-चार भेटी ओळखीतच जातात. तुमचे अंदाज चुकायला लागतात ते त्यानंतर. जेवढं नक्की निभेल तेवढंच कबूल करा. यायचं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा.

प्रश्न : मी ज्या मुलीला शिकवते तिने "कुणाला सांगणार नसशील तर सांगते" म्हणून घरी मार बसतो असं सांगितलं. मी कुणाला सांगणार नाही असं वचन देऊन बसले आहे. आता काय करू?
(एक विद्यार्थिनी)

आजच सांग. तुमच्या उपक्रमाच्या जबाबदार व्यक्तीला, आणि तिथून दाद लागली नाही तर तुझ्या विश्वासातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेव. तुझे अंदाज त्यात मिसळू नकोस. तिच्या घरच्यांना जाऊन जाब विचारू नकोस, मैत्रिणींत चर्चा करू नकोस, तिला खोदून-खोदून विचारू नकोस. तिला म्हण, "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. मी एकटी तुला मदत करू शकणार नाही, म्हणून ज्यांना करता येईल अशा एका माणसाला मी सांगणार आहे." वचन मोडल्याचं तिला वाईट वाटेल, तुलाही वाटेल. तरीही सांग.

आयोजकांनी हे पहिल्या भेटीच्या आधीच शिकवायला हवं होतं. मुलं जोडीने जावीत, दार उघडं असावं, कुठे आणि किती वेळ गेलो हे कुणाला तरी ठाऊक असावं, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कुणीही देऊ नये.

प्रश्न : वर्ष संपलं की आमची मुलं जायचं थांबतात. एका घरातला छोटा मुलगा नंतर कित्येक दिवस दारात बसून राहायचा, असं त्याच्या आईने सांगितलं. निरोप कसा घ्यायचा?
(एक समन्वयक)

पहिल्याच दिवशी. "आम्ही बारा आठवडे येणार, त्यानंतर नाही," हे पहिल्या भेटीत कुटुंबाला आणि मुलाला स्पष्ट सांगायचं. लहान मुलांना आठवडे कळत नाहीत, म्हणून बारा चौकटींचा कागद भिंतीला लावा आणि दर भेटीला एक चौकट त्याच्याच हाताने रंगवून घ्या. शेवटच्या तीन भेटींत नवं काही सुरू करायचं नाही. पुढच्या वर्षी दुसरं कुणी येणार असेल तर शेवटच्या दोन भेटींना त्यांना सोबत न्या. तो कोणत्या पानापर्यंत आला, कशाने खुलतो, कशाने गप्प होतो, हे एका पानावर लिहून त्यांच्या हाती द्या. त्याची आई ते पान वाचणार असेल तर आधी तिला दाखवा. ती दोन गोष्टी खोडेल आणि एक नवी सांगेल.

"मी येत राहीन" असं मुलांना म्हणू देऊ नका. निघताना ते तोंडातून सहज जातं, आणि तुमच्या पत्रातला छोटा मुलगा बहुधा त्याच एका वाक्यावर विसंबून दारात बसला होता. त्याच्याकडे अजूनही जाता येईल. त्या घरी जाणाऱ्या विद्यार्थ्याला एकदा घेऊन जा, तासभर बसू द्या, आणि आपण आता येणार नाही हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.